फ्रेमच्या किमतीत काय काय भरलेलं असतं

नागपूरच्या धरमपेठेतल्या चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात मला दिलेलं एस्टिमेट असं होतं: फ्रेम ६,४९० रुपये, प्रोग्रेसिव्ह लेन्स (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) ९,२००, डोळ्यांची तपासणी फुकट, फिटिंग फुकट, डबी आणि पुसायचं कापड फुकट, आणि आजच्या आज घेतलं तर फ्रेमवर वीस टक्के सूट. मी गांधीबाग-इतवारीतल्या लहान दुकानदारांची हिशेबाची कामं करते, त्यांचे जीएसटी रिटर्न भरते. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या पाहून एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. ज्याला जागेचं भाडं भरायचं आहे आणि पोरांचे पगार द्यायचे आहेत, तो जे फुकट देतो ते कुठल्या तरी दुसऱ्या ओळीत वसूल करतो. चष्म्याच्या बिलात ती ओळ फ्रेमची असते. फ्रेम एवढी महाग का, हा प्रश्न मी त्या एस्टिमेटपासून धरून ठेवला आणि चष्मा नाकावर येईपर्यंत सोडला नाही. त्यातून जे कळलं ते सगळं लिहिते आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत चाळिशीनंतर हा खर्च येतोच आणि तो बहुतेक जण डोळे मिटून करतात.

माझ्या बाबतीत सुरुवात जीएसटी नंबरांपासून झाली. पंधरा आकडी-अक्षरी नंबर, त्यातला आठ कुठला आणि तीन कुठला हे संध्याकाळी सहानंतर दिसेना. धंतोलीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नंबर काढला, डोळ्यांचा दाब पाहिला, थेंब टाकून पडदा तपासला. दूरचा थोडा मायनस, उजव्या डोळ्याला सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर, आणि जवळसाठी १.५० ची ॲडिशन, म्हणजे दूरच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर. दवाखान्याच्या खालच्याच मजल्यावर चष्म्याचं काउंटर होतं आणि चिठ्ठी थेट तिकडे जायला निघाली होती. ती मी मागून घेतली. चिठ्ठी आपली असते, ती घेऊन कुठेही जाता येतं, हे कित्येक जणांना ठाऊकच नसतं. डॉक्टरांनी जाताना एवढंच सांगितलं, “प्रोग्रेसिव्ह घ्या, पण माप नीट घेणाऱ्याकडे घ्या. लेन्स कितीही भारी असली आणि माप चुकलं तर वापरवणार नाही.”

मग धरमपेठ. दुकान थंडगार, भिंतीभर उजेड, काचेच्या कप्प्यांत फ्रेमा. नम्रपणे बोलणारा एक मुलगा ट्रे घेऊन आला. मी त्यातून दोन फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या, एक १,८०० ची आणि दुसरी ६,४९० ची. दोन्ही काळ्या, दोन्हींचा आकार जवळपास सारखा. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्हींच्या काड्या आतून वाचल्या. तिथे तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५२, १८, १४०. पहिला म्हणजे एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. दोन्हींवर ‘मेड इन चायना’ छापलेलं. स्वस्त फ्रेमचा रंग वरून चढवलेला होता आणि काडीच्या कडेला साच्याची बारीक रेघ लागत होती. महागाच्या काडीच्या आत तारेचा कणा होता. बिजागरी दोन्हींच्या धातूच्या, महागाची जरा जाड. मुलाला विचारलं, चार हजार सातशे कशाचे? तो म्हणाला, “मॅडम, हा ब्रँड आहे.” त्याला त्यापुढे काही सांगितलेलंच नव्हतं, त्याचा दोष नाही.

टॅगवरची किंमत पाहून मी कराचं विचारलं, ती माझी सवयच. फ्रेम आणि नंबरच्या लेन्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ६,४९० मध्ये जुना बारा टक्के धरलेला असेल, तर नव्या दरानं तीच फ्रेम ६,०८४ च्या आसपास यायला हवी. मुलानं मॅनेजरला बोलावलं, त्यांनी स्टिकर जुनं असल्याचं मान्य करून चारशे रुपये कमी केले. चारशे रुपये सहज कमी झाले याचा आनंद झाला नाही, उलट खटकलं. जी वस्तू अशी पटकन चारशेनं उतरते, वर वीस टक्क्यांनी उतरते, तिची मूळ किंमत कुणी आणि कशावरून ठरवली? एमआरपी म्हणजे कर धरून कमाल किंमत. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, पण ती किती छापायची हे बनवणारा किंवा आयात करणारा स्वतः ठरवतो. हृदयाच्या स्टेंटवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किमतीची मर्यादा घातली. चष्म्याच्या फ्रेमवर तशी कुठलीही मर्यादा नाही. म्हणून ‘एकावर एक फुकट’ही जमतं, दोन फ्रेमांचे पैसे एका टॅगवर छापलेले असतात.

एस्टिमेटचा कागद घेऊन घरी आले आणि वाचायला बसले. जगात फ्रेमा महाग का, याचं सगळीकडे सापडणारं उत्तर एका इटालियन कंपनीपाशी येऊन थांबतं. लिओनार्दो देल वेक्कियो यांनी १९६१ मध्ये आल्प्सच्या डोंगररांगांतल्या आगोर्दो गावात लक्झोटिका सुरू केली, आधी फ्रेमचे सुटे भाग बनवायला. पुढे ही कंपनी एकेक ब्रँड गिळत गेली. १९९५ मध्ये पर्सोल, १९९९ मध्ये बॉश अँड लोंबकडून रे-बॅन, २००७ मध्ये ओकली. शिवाय प्राडा, शनेल, व्हर्साचे, अरमानी यांच्या नावाच्या फ्रेमाही त्यांनी परवान्यावर बनवल्या. म्हणजे फॅशनचं घराणं फक्त नाव देतं आणि विक्रीतून आपला वाटा घेतं. कपडे शिवणाऱ्या त्या घराण्याचा फ्रेमशी संबंध बहुधा डिझाइनच्या मंजुरीपुरता. रे-बॅनचं तर उदाहरणच आहे. नव्वदीच्या दशकात अमेरिकेत तो पेट्रोल पंपावर आणि औषधांच्या दुकानांतही स्वस्तात मिळायला लागला होता. लक्झोटिकानं घेतल्यावर त्या स्वस्त दुकानांना माल देणं बंद केलं, दर्जा सुधारला आणि किंमत कितीतरी पट वर नेली.

ओकलीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लक्झोटिकानं २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानांची मोठी साखळी विकत घेतली. त्या साखळीनं ओकलीचा माल घेणं एकदम कमी केलं, ओकलीचा शेअर कोसळला आणि काही वर्षांनी ओकलीच लक्झोटिकाच्या पदरात पडली. ज्याच्या हातात दुकान, त्याच्या हातात भाव, हे यात उघड दिसतं. दुसऱ्या बाजूला लेन्समध्ये फ्रान्सची एसिलॉर. बर्नार्ड मेतनाझ या अभियंत्यानं तयार केलेली व्हॅरिलक्स ही पहिली यशस्वी प्रोग्रेसिव्ह लेन्स १९५९ मध्ये बाजारात आली, ती ज्या कंपनीची होती तिच्यातूनच पुढे एसिलॉर झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये एसिलॉर आणि लक्झोटिका एक झाल्या. फ्रेम, लेन्स आणि दुकान एकाच छताखाली आले. २०१९ मध्ये लेन्सक्राफ्टर्स या अमेरिकन साखळीचे संस्थापक डीन बटलर यांनी लॉस एंजेलिस टाइम्सला सांगितलं होतं की उत्तम दर्जाची फ्रेम चार ते आठ डॉलरमध्ये बनून मिळते, आणि पंधरा डॉलरमध्ये तर डिझायनर दर्जाची. ज्यानं स्वतः हाच धंदा केला तो माणूस हे बोलतो आहे.

एवढं वाचल्यावर राग येणं साहजिक आहे. पण हे उत्तर मला नागपूरपुरतं अर्धंच वाटलं. माझ्या हातातली ६,४९० ची फ्रेम त्या इटालियन कंपनीची नव्हतीच. आपल्याकडे साखळी दुकानांत जी परदेशी वाटणारी नावं असतात, त्यातली बरीच त्यांची घरचीच असतात. व्हिन्सेंट चेस आणि जॉन जेकब्स ही लेन्सकार्टची नावं आहेत, कुणा गोऱ्या डिझायनरची नाहीत. म्हणजे जिथे परवान्याचा वाटा कुणाला द्यायचा नाही तिथेही फ्रेम महाग आहे. मग पैसे कुठे जातात?

याचं उत्तर इतवारीत मिळालं. तिथल्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांना मी ओळखते. दुकान लहान, आठ बाय पंधराचं, मागे पडद्याआड तपासणीची खुर्ची आणि त्याच्याही मागे फिटिंगची खोली. मी सरळ विचारलं, “काका, खरेदी कितीची आणि विक्री कितीची, सांगता का?” ते हसले नाहीत की टाळलंही नाही. भिंतीवरची एक टीआर-९० या प्लास्टिकची फ्रेम काढून म्हणाले, “ही दिल्लीहून येते, बल्लीमारानच्या बाजारातून. मला दोनशे वीसला पडली. तुम्हाले बाराशेला देईन.” मी गप्प बसले तसे तेच पुढे बोलले, “आता लुटून राहिला म्हणाल. पण ताई, फ्रेम काय रोज विकत नाही जी. हे पाहा, ही मागच्या दिवाळीच्या आधीपासून लटकून राहिली. ही तर त्याच्याही आधीची. गोल फ्रेमेची फॅशन गेली न् हिचा गिऱ्हाइक गेला.”

मग आम्ही दोघांनी त्यांच्याच पावतीबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. दुकानात हजारेक फ्रेमा. महिन्याला साधारण सव्वाशे चष्मे जातात. म्हणजे सगळा माल एकदा फिरायला आठ महिने, आणि प्रत्यक्षात ठरावीक दोनशे फ्रेमाच फिरतात, बाकीच्या लटकून राहतात. माझ्याकडे किराण्याची खाती आहेत, तिथे माल महिन्याभरात फिरतो म्हणून पाच-सात टक्क्यांवर धंदा चालतो. इथे माल आठ महिने पैसा अडवून बसतो. आणि हजार फ्रेमा ठेवल्याशिवाय चालतही नाही, कारण चेहरे वेगळे, नाकं वेगळी, आवडी वेगळ्या. भाडं, दोन पोरांचे पगार, वीज, संगणकावर नंबर काढायच्या मशीनचा हप्ता, सगळं मिळून महिन्याचे नव्वद हजार. सव्वाशे चष्म्यांवर वाटले तर एका चष्म्यामागे सातशे वीस. त्यात फ्रेमची खरेदी दोनशे वीस मिळवा, नऊशे चाळीस झाले. काकांच्या घरात अजून एक रुपया गेलेला नाही.

त्या सातशे वीसमध्ये काय काय आहे तेही त्यांनी सांगितलं. रोज काही लोक फुकट नंबर काढून घेतात आणि चिठ्ठी घेऊन निघून जातात. कुणी वर्षापूर्वीच्या चष्म्याचा स्क्रू बसवायला येतं, कुणाची नाकपॅड पिवळी पडलेली असते, कुणाची काडी पोरानं वाकवलेली. ऑनलाइन मागवलेला चष्मा घसरतो म्हणून तोही यांच्याकडेच सरळ करायला आणतात. या कशाचेच पैसे लोक देत नाहीत. “मांगले तर म्हणतात, स्क्रूचे काय पैसे घेता?” हे सगळं काम कुणीतरी बसून, भिंगाखाली, हातानं करतं, आणि त्याचा मोबदला शेवटी नवीन फ्रेम घेणाऱ्याच्या बिलात जातो. तपासणी तीनशे रुपयांची, मापं आणि फिटिंग अडीचशेचं असं लिहून घेतलं असतं तर फ्रेम तिच्या खऱ्या भावाच्या जवळ आली असती. गिऱ्हाइकाला मात्र कामाचे पैसे द्यायला जड जातं आणि वस्तूचे द्यायला जात नाही. दोन्हीकडून मिळून आपण ही किंमत अशी वाकडी करून ठेवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मांडल्यावर बाराशे मला पटले. साडेसहा हजार अजूनही पटत नाहीत. धरमपेठेचं भाडं, एसी, जाहिरात, सूट देण्यासाठी आधीच चढवलेला भाव, यांतला एकही रुपया माझ्या नाकावर बसणाऱ्या वस्तूत येत नाही.

पण सगळ्या फ्रेमा सारख्या, असंही म्हणता येणार नाही, आणि हे मला काकांनी फ्रेमा हातात देऊन दाखवलं. टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक. वितळवून साच्यात घातलं की फ्रेम तयार. हलकी, लवचीक, पण गरम करून तुमच्या कानाच्या मापानं वाकवली तर ते वाकण टिकवत नाही. ॲसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकचं काम अगदीच निराळं. त्याचे जाड तक्ते बनतात, त्यांतून फ्रेम कोरून काढतात, मग लाकडी तुकड्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपांत कित्येक दिवस घोळवतात, शेवटी हातानं पॉलिश करतात. रंग आरपार असतो, म्हणून घासलं तरी उडत नाही. इटलीतली माझुक्केल्ली ही या तक्त्यांची जुनी कंपनी १८४९ पासूनची, आधी गुंड्या आणि कंगवे बनवायची.

आणि हे ॲसिटेट बनतं कशापासून? लाकडाच्या लगद्यापासून आणि कापसाच्या लिंटरपासून. हे कळलं तेव्हा मी काकांना थांबवून पुन्हा विचारलं. माझं माहेर हिंगणघाटचं. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तेल काढायच्या आधी ती खरवडून काढतात, ती म्हणजे लिंटर. लहानपणी जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पाहिलेत, त्या लवेला कुणी मोजत नसे. त्याच जातीच्या कच्च्या मालाची फ्रेम दुकानात हजारो रुपयांना विकली जाते. कापूस पिकवणाऱ्या मुलखात बसून हे ऐकताना मन अस्वस्थ झालं. लिंटरला भाव नाही, त्यावरच्या कामाला थोडा आहे, आणि काडीवरच्या नावाला सगळा आहे.

धातूच्या फ्रेमांचंही असंच पायरीपायरीनं आहे. स्वस्तातल्या बऱ्याचशा मोनेलच्या, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रणाच्या. वरचा मुलामा गेला की नागपूरच्या घामानं नाकपॅडपाशी हिरवट थर धरतो आणि निकेल सोसत नसेल त्याला खाज सुटते. स्टेनलेस स्टील त्यापेक्षा बरं. टायटॅनियम या तिन्हींत हलकं, गंजत नाही, त्वचेला सोसतं. पण त्याचे जोड उघड्या हवेत धड लागत नाहीत, आर्गॉनसारख्या वायूच्या आच्छादनाखाली जोडावं लागतं. जपानमधल्या फुकुई प्रांतातलं साबाए हे गाव यासाठी नावाजलेलं. त्या प्रांतात १९०५ पासून चष्म्याचं काम चालतं आणि टायटॅनियमच्या फ्रेमा साबाएनं १९८० च्या दशकात बाजारात आणल्या. अशा फ्रेमला चार पैसे जास्त पडले तर ते मी समजू शकते, तिथे पैसा धातूत आणि हातात गेलेला असतो.

मी काकांकडून घेतली ती १,४०० ची ॲसिटेटची, तपकिरी, नाव नसलेली. निवडताना काकांनी दिसण्याआधी उंची पाहिली. प्रोग्रेसिव्हमध्ये वर दूरचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये तो हळूहळू बदलत जातो. काचेला उंचीच नसेल तर खालचा भाग कापला जातो आणि वाचायला उरतं काय? सध्याच्या अरुंद फ्रेमांत हेच होतं. माझ्या फ्रेमची काच तेहतीस मिलिमीटर उंच आहे.

मग काकांच्या दुकानातल्या फिटर भाऊंनी माप घेतलं, आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते मला तिथे कळलं. त्यांनी आधी फ्रेम माझ्या चेहऱ्यावर नीट बसवली. काड्यांची टोकं गरम मण्यांच्या भांड्यात धरली, मऊ झाल्यावर कानामागे वळवली, खालची कड गालाकडे किंचित झुकवली. मग माझ्यासमोर स्टूल ओढून, डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आणून बसले. “माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहा. आता उजव्या.” फ्रेममधल्या दिखाऊ काचांवर बारीक पेननं बुबुळाच्या मधोमध ठिपके दिले. उजवा डोळा नाकाच्या मध्यापासून ३१ मिलिमीटर, डावा साडेतीस. ठिपक्यापासून खालच्या कडेपर्यंत १९. मला उठवून थोडं चालायला लावलं, पुन्हा बसवलं, ठिपके जागेवर आहेत का पाहिलं. धरमपेठेत मशीननं दोन डोळ्यांतलं एकूण अंतर तेवढं घेतलं होतं, उंची कुणी घेतलीच नव्हती. आणि तिथे फिटिंग ‘फुकट’ होतं.

लेन्स आली तेव्हा तिच्यावर पिवळ्या शाईनं गोल, फुल्या, रेघा छापलेल्या होत्या. फुली बरोबर बुबुळासमोर येते का हे माझ्या चेहऱ्यावर तपासूनच भाऊंनी त्या खुणा स्पिरिटनं पुसल्या. मग म्हणाले, “आता हे पाहा.” लेन्सवर तोंडाची वाफ सोडून ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. काचेतच कोरलेलं केसाएवढं बारीक वर्तुळ आणि त्याखाली १५ हा आकडा क्षणभर उमटला. ती माझी १.५० ची ॲडिशन. कुठल्याही प्रोग्रेसिव्हवर अशी कायमची खूण असते, त्यावरून लेन्स कुठली आणि ॲडिशन किती ते तपासता येतं. एवढे पैसे मोजणाऱ्या प्रत्येकानं ही खूण पाहून घ्यावी. दुकानदार दाखवतो, विचारावं लागतं इतकंच.

लेन्सला ६,८०० गेले, आणि ते मला वावगे वाटले नाहीत, कारण नंबर त्यात आहे. फ्रेम त्या लेन्सला डोळ्यांसमोर योग्य जागी धरून ठेवते, तेवढं तिनं नीट करावं. फिटिंगचे अडीचशे वेगळे लिहा असं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “राहू द्या न जी, लोक देत नाहीत.” मी म्हटलं, मी देते, लिहा. काका कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान दुकानदारांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत आहेत, त्यामुळे त्यांच्या बिलावर जीएसटी वेगळा लावता येत नाही, पण कामाची ओळ वेगळी लिहायला कुणाची हरकत नसते. त्यांनी लिहिली.

पहिले काही दिवस जिना उतरताना जमीन हलल्यासारखी वाटली, बाजूला पाहताना कडा धूसर. प्रोग्रेसिव्हला मान वळवून पाहायची सवय लागते. एकदा जाऊन काडी पुन्हा जरा घट्ट करून घेतली. आता दिवसभर घालून काम करते.

यातलं सगळ्यात बोचलेलं अजून सांगायचं आहे. आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी आहेत. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारतात, हूक लावायचं काम दिवसाउजेडीच उरकतात. चष्मा का घेत नाही विचारलं तर म्हणाल्या, “विचारलं होतं बाप्पा बर्डीवर, तीन हजार सांगितले.” बर्डी म्हणजे आमचा सीताबर्डीचा बाजार. तीन हजार ऐकून त्या गप्प घरी आल्या आणि तशाच शिवत राहिल्या. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला होता. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला त्यांचं पानं तोडण्याचं काम, न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. मजुरी काही अंशी तोडलेल्या पानांवर ठरते, म्हणजे त्यातला वाटा त्यांच्या हातात येतो. मावशींचंही काम नगावर आहे.

त्यांना घेऊन इतवारीत गेले. काकांनी तपासलं, दूरचं साफ, दोन्ही डोळ्यांना जवळचा नंबर सारखा, दोन, सिलिंडर नाही. अशा माणसाला तयार मिळणारा वाचायचा चष्मा पुरतो, मुद्दाम बनवावा लागत नाही. एकशे ऐंशीचा एक. मशीनजवळ ठेवायला एक आणि घरात एक असे मावशींनी दोन घेतले. तपासणीचे शंभर मी टेबलावर ठेवले, काकांनी ते घेतले. मात्र मावशींचा डोळ्यांचा दाब आणि पडदा कधीच कुणी पाहिलेला नाही आणि त्यांना साखर आहे, ते काम चष्म्याच्या दुकानात होत नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नेत्र विभागाच्या ओपीडीत त्यांना सोमवारी सकाळी न्यायचं ठरलं आहे, कार्डाच्या रांगेत लवकर उभं राहावं लागेल म्हणून सातलाच निघू.